पस्तिशीचं बटण

नवरा म्हातारा व्हावा म्हणून त्रिशलाबाई मगदूमांनी चाळीस वर्षं वाट पाहिली, आणि तो एकदाचा झाला तेव्हा स्वतःच त्याला मिरजेला नेऊन पुन्हा तरुण करून आणला. आता दोष द्यायचा तरी कुणाला?

गच्चीवर सकाळपासून ठोकाठोक चालू होती. सुकुमारराव मगदूम, वय पंच्याहत्तर, जन्मभर जयसिंगपुरात शेतीपंपांचं दुकान चालवलेला माणूस, भंगारातले तीन पंप जोडून गच्चीत कारंजं उभारत होते. कारंजं कशासाठी, हे विचारायची सोय नव्हती. त्याआधी त्यांनी मोबाइलवरून कन्नड शिकायला घेतलं होतं, आणि त्याच्याही आधी गल्लीतल्या गटारीचा उतार चुकलाय म्हणून शेजारपाजारच्या चार घरांशी भांडण काढलं होतं.

"अहो, दिवस मावळायला आला! जेवायला या की!" त्रिशलाबाईंनी जिन्यातून पुन्हा हाक मारली. घर जैनांचं. सूर्य बुडाला की जेवण बंद.

"आलो, आलो! एवढा एक पाइप बसवतो!"

तो पाइप बसेपर्यंत सूर्य पन्हाळ्याच्या मागे गेला आणि दोघंही उपाशी झोपले. सुकुमाररावांना त्याचं काहीच वाटलं नाही. कारंज्याच्या नादात त्यांना भूकच लागली नव्हती. बाईंना लागली होती. ह्या माणसाचं नाव सुकुमार ठेवणाऱ्या आत्याला एकदा गाठून जाब विचारावा, असं त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी वाटलं होतं. आता ती आत्याही उरली नव्हती.

तरुणपणी हा माणूस अस्साच होता. डोक्यात एक आलं की ते झालंच पाहिजे, आणि मनाविरुद्ध तिळाएवढं काही घडलं की घर डोक्यावर. पस्तिशीत तर कहर झाला. त्रिशलाबाईंच्या धाकट्या भावाचं, जयपालचं, नांदणीला लग्न होतं. जावयांना फेटे बांधायची वेळ आली आणि फेटेवाल्यानं थोरल्या जावयाला सोडून धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, वर्धमान चौगुल्यांना, आधी फेटा बांधला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, थोरला कोण आणि धाकटा कोण? जो जवळ बसला होता त्याच्या डोक्याला त्यानं हात घातला. सुकुमाररावांनी आपल्यासाठी उलगडलेला फेटा भर मांडवात जमिनीवर टाकला, बायकोला उठवलं आणि जयसिंगपूर गाठलं. त्यानंतर चौतीस वर्षं त्यांनी नांदणीच्या त्या घराचा उंबरा ओलांडला नाही. सासरे वारले तेव्हाही नाही. त्रिशलाबाई एकट्या एसटीनं गेल्या, वडिलांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि एकट्याच परत आल्या. त्या दिवशीही दुकान उघडं होतं.

मग साठी उलटली आणि आवाज खाली यायला लागला. आदळआपट थांबली. एकोणसत्तराव्या वर्षी तर आक्रीतच घडलं. भाद्रपदातलं पर्व संपलं की क्षमावाणीच्या दिवशी जैन घरांत सगळे एकमेकांना 'उत्तम क्षमा' म्हणतात, कळत-नकळत दुखावलं असेल त्याची माफी मागतात आणि देतात. सुकुमाररावांच्या तोंडून ते दोन शब्द आजवर 'चहा टाक' म्हणावं तसे यायचे. त्या वर्षी मात्र ते कुणाला न सांगता एसटीत बसून नांदणीला गेले, जयपालसमोर हात जोडले, आणि घरी येऊन बाईंना म्हणाले, "तुझ्या वडिलांच्या वेळी मी आलो नाही. चुकलं माझं. उत्तम क्षमा."

"उत्तम क्षमा," बाई म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडल्या.

तेव्हापासून दर गुरुवारी जयपाल मळ्यातली भाजी घेऊन यायचा आणि दाजींबरोबर कॅरम खेळायचा. उतारवयात बाईंना माहेर परत मिळालं. मागचं सगळं त्यांनी पुसून टाकलं, कारण त्यांच्या आजीनं लहानपणीच बजावलं होतं, की क्षमावाणीला दिलेली क्षमा परत काढायची नाही, तोंडानं नाही आणि मनातही नाही. घोळ झाला तो ह्याच शिकवणीपायी.

कारण सुकुमाररावांची उतरण शांततेवर थांबली नाही. शांत झालेला माणूस गप्प झाला, आणि गप्प झालेला नुसता बसून राहायला लागला. कॅरमची सोंगटी बोटांत धरून विसरायचे. आमटी कशी झालीय विचारलं की "बरी आहे." मीठ घालायचं राहिलं तरी "बरी आहे." फिरायला जाऊ या म्हटलं की "कशाला?" त्या 'कशाला'ची बाईंना भीती वाटायला लागली. शेवटी त्या त्यांना मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. पुण्याहून मुलगा, अभिनंदन, तोही आला.

"हा आजार नाही, काकू. वय आहे," डॉक्टर शर्वरी ढवळे म्हणाल्या. पोरगेली बाई, पण समजावून सांगायची हौस दांडगी. "मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांमार्फत निरोप देतात. त्यातलं एक डोपामिन. तिशीच्या आगेमागे ते उतरायला लागतं, आणि त्याचा निरोप घेणाऱ्या जागाही घटत जातात. दर दहा वर्षांना दहाएक टक्के धरा. बाकीचीही रसायनं बदलतात, ॲसिटिलकोलीन घटलं की आठवण अडखळते. पण उठावं, काही करावं असं वाटणं, ते मुख्यतः डोपामिनचं काम. काकांचं तेच फार खाली गेलंय."

ह्याच्यावर आता उपाय निघाला होता. माणसाच्या स्वतःच्याच कातडीतल्या पेशी घ्यायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी करायच्या आणि बारीक सुईनं मेंदूत खोल सोडायच्या. त्यांनी किती काम करायचं ते ठरवायला कानामागे कातडीखाली एक चपटी चकती. लोक तिला बटण म्हणत. हे बटण पंचविशीपासून पंच्याहत्तरीपर्यंत कुठल्याही वयाच्या पातळीवर लावता यायचं. कुठल्या वयावर लावायचं, एवढं मात्र त्याचं त्याला कळत नव्हतं.

"त्या वयातल्या मेंदूची तपासणी कुणाकडेच नसते," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून घरच्यांना विचारते. काका सगळ्यात छान कधी होते?"

"पस्तिशीत!" अभिनंदननं क्षणाचाही विचार केला नाही. "दुकान तेव्हाच वाढवलं बाबांनी. काय धडाका होता!"

डॉक्टर बाईंकडे वळल्या. "आणि स्वभाव कसा होता तेव्हा? राग, चिडचिड?"

बाईंच्या जिभेवर फेटा आला, मांडव आला, वडिलांचे थंडगार पाय आले. पण ती सगळी क्षमा केलेली गोष्ट. दिलेली वस्तू परत मागावी तसं ते डॉक्टरांपुढे काढायचं कसं? शेजारी सुकुमारराव खाली मान घालून बसले होते.

"चांगले होते," त्रिशलाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी बटण पस्तिशीवर लावलं.

पेशी रुजायला थोडा वेळ गेला. मग एका दुपारी सुकुमाररावांनी आमटीचा भुरका मारला, थांबले, आणि म्हणाले, "आज काय घातलंस ग हिच्यात? झकास झालीय." बाईंना स्वर्ग दोन बोटं उरला. रोजचीच तर आमटी होती. पुढचे काही आठवडे दोघं संध्याकाळी फिरायला गेली, जुन्या आठवणी काढून हसली. नंतर गटार आली, कन्नड आलं, कारंजं आलं, आणि बाईंच्या नाकी नऊ आले. "बाबा किती हिंडतफिरत आहेत! मस्त ना?" असं अभिनंदन पुण्यातून फोनवर म्हणायचा. पुण्यात बसून मस्त म्हणायला काय जातंय?

तरी हे सगळं त्यांनी सोसलं असतं. एका गुरुवारी जयपाल आला तो पेढे घेऊनच. धाकट्या लेकीचं लग्न ठरलं होतं, मार्गशीर्षात, नांदणीलाच. कॅरमच्या बोर्डाशी बसता बसता तो म्हणाला, "दाजी, तुम्ही घरात थोरले. चार दिवस आधी यायचं बघा."

"येतो की," सुकुमाररावांनी स्ट्रायकर नेम धरून ठेवला. "फेटा आधी कुणाला बांधणार तेवढं सांग."

जयपाल हसला. त्याला थट्टा वाटली.

"हसतोस काय? थोरल्याला सोडून धाकट्याला मान देणारी माणसं तुम्ही. विसरलो नाही मी."

"दाजी, चाळीस वर्षं झाली ओ त्याला! आणि तुम्ही स्वतः घरी येऊन हात जोडले होते की."

"तेव्हा माझी तब्येत बरी नव्हती," सुकुमारराव म्हणाले.

बाई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या राहिल्या. जयपाल उठला, चपला घातल्या आणि "येतो अक्का" एवढंच म्हणून गेला. बाईंना सगळ्यात लागलं ते एवढंच, की ज्या दिवसाच्या आठवणीवर त्या सहा वर्षं जगल्या, त्या दिवसाचं ह्या माणसानं आजारपण करून टाकलं. पुढच्या गुरुवारी जयपाल आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मिरजेच्या फेरीला सुकुमाररावांना आतल्या खोलीत मेंदूच्या तपासणीसाठी नेलं तशा बाई डॉक्टरांसमोर मोकळ्या झाल्या. फेट्यापासून सगळं सांगून टाकलं.

"डोपामिन म्हणजे आनंद नव्हे, काकू," डॉक्टर म्हणाल्या. "अपेक्षा काय होती आणि पदरात काय पडलं, यातला फरक ते मेंदूला कळवतं. जास्त मिळालं की उसळतं, कमी मिळालं की पडतं, आणि ते पडणं बोचतं. वय वाढलं की बोचणं बोथट होतं, म्हणून म्हातारी माणसं पुष्कळदा निवांत दिसतात. काकांचं पुन्हा धारदार झालंय."

"म्हणजे त्यांनी क्षमा मागितली ती नुसतं रसायन उतरलं म्हणून?" हा प्रश्न बाईंनी कितीतरी दिवस गिळून ठेवला होता. "ते खरे का हे खरे?"

"राग निवला असेल त्यामुळे. पण डोपामिन उतरलेल्या माणसाला चप्पल पायात घालायचासुद्धा कंटाळा येतो. असा माणूस एकटा एसटीत बसून नांदणीला गेला. त्याला तिथं रसायनानं नेलं नाही, काकू."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मग हे बटण खाली आणा."

"पंचावन्नवर आणून बघता येईल. पण दोघांची संमती लागते."

तेवढ्यात सुकुमारराव बाहेर आले आणि ऐकताच भडकले. "अजिबात नाही! आमटीची चव कळायला लागलीय मला. ती पण काढून घेणार काय?"

बाईंना ठाऊक होतं, आमटीही खरीच होती. रिकाम्या डोळ्यांनी 'कशाला' म्हणणारा माणूस त्यांनाही परत नको होता. असा सगळ्या बाजूंनी वैताग.

निघताना डॉक्टर बाईंना हळूच म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला. चांगले होते म्हणालात."

"उत्तर चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

"एक लक्षात ठेवा. मेंदू शिकतो तोही ह्याच फरकावर. पस्तिशीच्या पातळीला अपमान जसा बोचतो, तसा धडाही पटकन लागतो. पण अपेक्षेबाहेरचं काही घडलं तरच. नेहमीचंच मिळत राहिलं तर माणूस शिकणार कशावरून?"

परतीच्या गाडीत सुकुमारराव कारंज्याच्या नोझलबद्दल बोलत होते आणि बाई खिडकीतून ऊस बघत विचार करत होत्या. ह्या माणसाला आपल्याकडून आजवर नेहमीचं काय मिळालं? ताट वाढलेलं मिळालं, हाक मारलेली मिळाली, आणि चारचौघांत 'चांगले आहेत' मिळालं. आपण इतकी वर्षं मूग गिळून बसलो आणि त्यालाच क्षमा समजलो. त्यांना नवऱ्याइतकाच स्वतःचाही राग आला.

क्षमावाणीचा दिवस उजाडला. बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, देवदर्शन करून सुकुमारराव पांढऱ्याशुभ्र धोतरात घरी आले आणि एक डोळा जिन्याकडे ठेवून हात जोडले. "उत्तम क्षमा, त्रिशला."

"नाही," बाई म्हणाल्या.

"काय नाही?"

"क्षमा नाही देत."

सुकुमारराव बघतच राहिले. "अग, आज क्षमावाणी. आजच्या दिवशी कुणी नाही म्हणतं काय?"

"मी म्हणते." बाई थांबल्या नाहीत. "तुम्ही जयपालची मागितलेली क्षमा परत घेतलीत. तब्येत बरी नव्हती म्हणालात. मग मी दिलेली पण परत घेते. फेट्याची घेते, आणि माझे वडील घरात पडले होते तेव्हा तुम्ही दुकानात बसलात, त्याची पण घेते. आता काय करायचं ते करा."

सुकुमाररावांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. ते तरातरा गच्चीवर गेले. ठोकाठोक होईल म्हणून बाईंनी कानांवर हात ठेवले, पण वरून आवाजच आला नाही. आजीची शिकवण मोडली, ही बोच त्यांना दिवसभर होती. तरी शब्द मागे घ्यावासा मात्र वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सुकुमाररावांनी विचारलं, "अजून नाही?" बाई म्हणाल्या, "नाही." त्यांनी मोगऱ्याचा गजरा आणला, तो बाईंनी महावीरांच्या तसबिरीला घातला. त्यांनी मुलाला फोन करून तक्रार केली. मुलानं आईला फोन केला आणि चांगलंच ऐकून घेतलं. कारंजं अर्धवट राहिलं. जेवायला मात्र ते वेळेवर यायला लागले, न बोलावता.

अशातच एक दिवस ते सकाळपासून गायब झाले. फोनही घरीच. बाई दारात येरझाऱ्या घालून दमल्या. ऊन कलताना ते एसटी स्टँडाकडून चालत आले. धोतर धुळीनं भरलेलं, हातात वांग्यांची पिशवी.

"जयपालनं दिलीत," पिशवी ठेवत ते म्हणाले. "गुरुवारी येतो म्हणालाय."

"काय बोललात त्याला?"

"जे बोलायचं ते बोललो." मग जरा घुटमळले. "पण खोटं कशाला सांगू? आतून अजून जळतंय. त्या वेळी इतकं जड गेलं नव्हतं. आज त्याच्या दारापर्यंत जाऊन दोनदा मागे फिरलो. आता तरी म्हणशील?"

बाईंना फार म्हणावंसं वाटलं. "लग्न होऊ दे आधी," त्या म्हणाल्या.

मार्गशीर्षात नांदणीच्या मांडवात फेटेवाला आला तेव्हा बाई बायकांच्या घोळक्यातून मान उंच करून बघत होत्या. जयपालनं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तो थेट सुकुमाररावांकडे आला. सुकुमाररावांनी हात आडवा धरला.

"आधी त्यांना," ते म्हणाले आणि वर्धमान चौगुल्यांकडे बोट दाखवलं. चौगुले खुर्चीत पेंगत होते. ज्या माणसापायी एवढं रामायण झालं, त्याला त्यातलं काही आठवतही नव्हतं. "मला होय? बांधा की," म्हणून त्यांनी डोकं पुढे केलं.

मग नवऱ्या मुलाचे मामा आले, काका आले, कुणाकुणाचे मित्र आले. सुकुमारराव प्रत्येकाला "घ्या, आधी तुम्ही घ्या" म्हणत राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा चांगले फेटे संपले होते. उरला होता एक लहान मुलांसाठी आणलेला गुलाबी, आखूड. फेटेवाल्यानं कसाबसा तो डोक्यावर बसवला. कपाळ उघडं, त्यावरची शीर ताडताड उडतेय आणि मुठी मांडीवर आवळलेल्या. ती शीर बाईंना चांगली ओळखीची होती. मागच्या वेळी ती उडाली तेव्हा फेटा जमिनीवर आला होता. आज फेटा डोक्यावरच राहिला.

त्रिशलाबाई उठल्या, पुरुषांच्या रांगेत शिरल्या आणि त्यांच्यासमोर उभं राहून हात जोडले. "उत्तम क्षमा."

"आता?" सुकुमारराव खेकसले. "सगळे बघायलेत. तेव्हा मागितली तर दिली नाहीस."

"तेव्हा तुम्ही नुसती मागितली होती."

सुकुमाररावांच्या मुठी सुटल्या, हात जुळले. "उत्तम क्षमा," ते अगदी हळू म्हणाले, आणि लगेच, "हा फेटा काढू काय आता?"

"जेवण होईपर्यंत राहू दे," बाई म्हणाल्या आणि त्याचा आखूड शेमला नीट करून दिला.

लग्नानंतरच्या मिरजेच्या फेरीला डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न काढला. "बटणाचं काय करायचं, काकू? पस्तिशीला स्वभाव कसा आहे काकांचा?"

सुकुमारराव शेजारीच बसले होते. बाईंनी पदर सारखा केला.

"तापट आहेत," त्या म्हणाल्या. "हेकट आहेत. मानपानाला हपापलेले आहेत. एक खूळ डोक्यात शिरलं की दुसऱ्याचं काही दिसत नाही. चाळीस वर्षं मला ह्यांनी सुखानं बसू दिलं नाही."

सुकुमारराव तोंड उघडं टाकून ऐकत होते. "एवढं सगळं सांगायला पाहिजे काय ग?"

"विचारलंय त्यांनी."

"म्हणजे पंचावन्नवर आणू?" डॉक्टरांनी विचारलं.

बाईंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागली होती, पण ते गप्प बसून होते.

"नको. राहू दे पस्तिशीवरच," त्रिशलाबाई म्हणाल्या. "आत्ता कुठं शिकायला लागलेत."